झुरळ पाळायचंय? आधी झाकण बघा

सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं पैसे मोजून झुरळं विकत आणली आहेत, असं कळलं की कपाळाला आठ्या पडणारच. पण पुण्यात ही हौस आता अगदी नवखी राहिलेली नाही. अरोवाना मासे आणि इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन असे सरडे पाळणाऱ्यांच्या घरात ही झुरळं जिवंत खाद्य म्हणून शिरली. काहींना पुढे खाणाऱ्यापेक्षा खाद्यातच जास्त रस वाटू लागला. त्यात २०२४ मध्ये परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे केंद्राचे नियम आले आणि असा झुरळांचा डबा घरात ठेवणं कायद्यात बसतं का, हा प्रश्न उभा राहिला. शेजाऱ्यांचा प्रश्न त्याहून जुना आहे: हे पळालं तर?

## सगळीच झुरळं मोरीतली नसतात

जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त प्रजाती माहीत आहेत. त्यातल्या जेमतेम तीसेक प्रजातींचा माणसाच्या घराशी संबंध येतो, आणि आपल्याला छळणाऱ्या तर बोटांवर मोजण्याइतक्या. ओट्याच्या खणात दिसणारं, दीड सेंटिमीटरच्या आतलं, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं ते जर्मन झुरळ. ड्रेनेजमधून वर येणारं, चार सेंटिमीटरचं तांबूस ते अमेरिकन. नावांवर जाऊ नका. अमेरिकन झुरळ मूळचं आफ्रिकेतलं, आणि जर्मन झुरळाचं मूळ दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याच बाजूला, असं २०२४ मधल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. बाकीच्या हजारो प्रजाती रानात पालापाचोळा आणि कुजकं लाकूड खाऊन त्याची माती करतात. त्यांना आपल्या डाळीच्या डब्यात काही रस नसतो.

झुरळामुळे रोग पसरतात हे खरं, पण ते रोग घेऊन जन्माला येत नाही. गटारात चालून आलेले पाय पोळीवर ठेवतं, म्हणून जंतू पसरतात. डब्यातच जन्मलेलं आणि गाजर-कोंड्यावर वाढलेलं झुरळ त्या अर्थानं स्वच्छ असतं. तरी त्याच्या अंगावर बुरशीचे कण असू शकतात, त्यामुळे हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे. यात सूट नाही.

पाळण्यासाठी दोन परदेशी प्रजाती सर्वांत जास्त फिरतात. पहिलं मादागास्करचं फुसफुसणारं झुरळ, शास्त्रीय नाव ग्रोम्फाडोरायना पोर्टेंटोसा: पाच ते साडेसात सेंटिमीटर लांब, बिनपंखी, दोन ते पाच वर्षं जगणारं. दुसरं दक्षिण अमेरिकेतलं डुबिया, म्हणजे ब्लाप्टिका डुबिया: चार-साडेचार सेंटिमीटरचं, मुख्यतः सरड्यांचं खाद्य. एक फरक आत्ताच लक्षात ठेवा. डुबियाला गुळगुळीत काचेवर किंवा प्लास्टिकवर चढता येत नाही. मादागास्करवालं मात्र काचेवरून सरळ वर जातं आणि छताला उलटं लटकतं.

## तो आवाज तोंडातून येत नाही

कीटकांना फुफ्फुसं नसतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना बारीक श्वासछिद्रं असतात आणि तिथून हवा आत-बाहेर होते. मादागास्करच्या झुरळात यातली एक जोडी बदललेली असते. पोट आवळून त्या अरुंद छिद्रांतून हवा जोरात बाहेर फेकली की सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबल्यासारखा आवाज येतो. घाबरल्यावर, दुसऱ्या नराशी झुंजताना आणि मादीपुढे, अशा वेगवेगळ्या प्रसंगी तो वेगवेगळा असतो.

नर-मादी ओळखणं सोपं आहे. नराच्या डोक्यामागच्या ढालीवर दोन ठळक उंचवटे असतात आणि मिशा केसाळ. मादीची ढाल सपाट, मिशा गुळगुळीत. ही ओळख नुसती हौसेपुरती नाही, कारण मादी अंडी बाहेर टाकत नाही. अंड्यांची पिशवी पोटात ठेवते आणि साधारण दोन महिन्यांनी वीस ते चाळीस जिवंत पिल्लं बाहेर येतात. पाच माद्या, वर्षातून दोन वेळा, प्रत्येकी तीस पिल्लं धरली तर तीनशे झाली. म्हणून पहिल्यांदा पाळणाऱ्यानं फक्त तीन-चार नर घ्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. नर एकमेकांना ढुशा मारतात, फुसफुसतात, पण सहसा इजा करत नाहीत, आणि बघण्यासारखं जे काही आहे ते त्यांच्याकडेच आहे.

पिल्लं मोठी होताना सहा वेळा कात टाकतात, म्हणजे जुनं कवच फोडून नव्या अंगानं बाहेर येतात. त्या वेळी झुरळ पांढरंशुभ्र आणि मऊ असतं. ते आजारी नाही, पांढऱ्या जातीचंही नाही. काही तासांत रंग परततो. तोवर बोटही लावू नका, आणि पडलेली कात काढू नका. ते स्वतःच ती खातं.

## डबा कसा करायचा

वीस-पंचवीस लिटरचा, झाकणाला चारही बाजूंनी क्लिप असलेला प्लास्टिकचा डबा घ्या. एवढ्यात दहा-बारा मोठी झुरळं आरामात राहतात. झाकणात एक आणि एका बाजूच्या भिंतीत वरच्या अंगाला एक, अशी आठ-दहा सेंटिमीटरची दोन खिडकीसारखी भोकं कापा आणि त्यावर स्टीलची बारीक जाळी गरम गोंदानं बसवा. जाळीचं छिद्र एक मिलिमीटरहून मोठं नको, कारण नवजात पिल्लू सेंटिमीटरभर लांब असलं तरी चपटं असतं. डासांची नायलॉनची जाळी वापरू नका, झुरळं ती कुरतडतात. रविवार पेठेत बोहरी आळीत स्टीलची जाळी तुकड्यानं मिळते.

आत पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे उभे लावा. आडवे ठेवले तर विष्ठा खळग्यांत साचते आणि तिथेच बुरशी धरते. तळाला दोन सेंटिमीटर कोकोपीट पुरे. डब्याच्या आतल्या बाजूला, काठाखाली पाच ते सात सेंटिमीटर रुंदीचा व्हॅसलीनचा पातळ पट्टा फिरवायचा. त्यावर झुरळाचे पाय टिकत नाहीत. जाड थर देऊ नका, तो उन्हाळ्यात ओघळतो आणि पिल्लं त्यात अडकून मरतात. दर दोन-तीन आठवड्यांनी पुसून नवा लावावा.

पाण्यासाठी उघडी वाटी ठेवली तर पिल्लं बुडतात. उथळ झाकणात खडे घालून त्यात पाणी ठेवा, किंवा नुसती गाजराची, दुधी भोपळ्याची चकती द्या. कोरडं खाणं म्हणजे गव्हाचा कोंडा आणि ओट्स, बरोबर थोडे कुत्र्याच्या खाद्याचे दाणे. ओलं खाणं म्हणजे गाजर, लाल भोपळा, केळ्याची साल, सफरचंदाचा गाभा. प्रथिनांचा मारा करू नका. झुरळं जादा नायट्रोजन युरिक ॲसिडच्या रूपात अंगातल्या चरबीत साठवतात आणि शरीरातल्या जिवाणूंच्या मदतीनं पुन्हा वापरतात. ही सोय कमी प्रथिनांच्या आहारासाठी आहे. रोज माशांचं खाद्य घातलं तर साठा वाढत जातो आणि झुरळं लवकर मरतात. ओलं खाणं एरवी दिवसभरानं काढायचं, पावसाळ्यात बारा तासांतच.

## पुण्याचं हवामान कुठे साथ देतं, कुठे नाही

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतले असतात. हीटर घ्या, ऊब देणारी मॅट घ्या. पुण्यात मार्च ते ऑक्टोबर त्यांची गरजच नाही. या झुरळांना २४ ते ३२ अंश मानवतं. खरी अडचण एप्रिल-मेमध्ये येते. बाहेर ३८-४० अंश असताना वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली रात्रीही तापलेली असते, शिवाय हवा कोरडी. तेव्हा डबा खालच्या फरशीवर, उत्तरेकडच्या खोलीत हलवा आणि दिवसाआड डब्याच्या एकाच बाजूला पाण्याचा फवारा द्या. एक बाजू ओलसर, एक कोरडी राहिली की झुरळ आपली जागा आपण निवडतं. कोरड्या हवेत कात अडकते. पाय वाकडे राहिलेलं किंवा अर्ध्या कातीत मेलेलं पिल्लू दिसलं तर बहुधा कारण हेच.

पावसाळ्यात फवारा पूर्ण बंद. जाळीसमोर हवा खेळती ठेवा, ओलसर ट्रे लगेच बदला.

डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर १० अंशांच्या आसपास गेलं तरी बंद घरात १८-२० असतं. मोठी झुरळं मंदावतात, कमी खातात, वीण थांबते, पण मरत नाहीत. मॅट लावायचीच असेल तर थर्मोस्टॅटसकट, डब्याच्या बाजूला आणि भिंतीचा एक तृतीयांश भाग झाकेल एवढीच. तळाखाली लावली तर गारव्यासाठी खाली शिरणारे प्राणी उलट भाजतात. दिवा लावणं तर अगदीच चूक. तो हवा कोरडी करतो आणि उजेड यांना नकोच असतो.

## बिघडतं कुठे

पहिला क्रमांक डास पळवणाऱ्या यंत्राचा. लिक्विडची मशीन, कॉइल, अगरबत्ती, झुरळाचा खडू, फवारे, या सगळ्यांत कीटक मारणारीच रसायनं असतात, आणि त्यांना तुमचं झुरळ आणि मोरीतलं झुरळ यातला फरक कळत नाही. रात्री मशीन लावलेल्या खोलीत डबा ठेवला तर काही दिवसांत झुरळं उताणी पडून पाय झाडताना दिसतात. त्यावर उपाय नाही. कुत्र्याच्या अंगाला गोचिडाचं औषध लावून त्याच हातानं डबा उघडला तरी तोच धोका. पेस्ट कंट्रोल ठरलं की डबा आदल्या दिवशी नातेवाइकांकडे न्या आणि दोन-तीन दिवसांनी परत आणा. भाजीवरच्या औषधाचाही विचार करा. गाजर, भोपळा सोलून दिला की बराचसा प्रश्न सुटतो. कोबी-फ्लॉवरची पानं टाळलेली बरी.

दुसरा क्रमांक मुंग्यांचा. कात टाकत असलेल्या मऊ झुरळाला मुंग्या जिवंत फोडतात. डबा विटांवर ठेवून विटा पाण्याच्या परातीत ठेवा.

तिसरा क्रमांक दिसायला पांढऱ्या पिठासारख्या असणाऱ्या किड्याचा. खाण्याच्या भांड्यावर हलणारी धूळ दिसली की ती धान्यातली कोळ्यांसारखी सूक्ष्म माइट्स. ओल आणि जुनं खाणं यांवर ती वाढतात. सगळे ट्रे आणि कोकोपीट काढा, डबा धुऊन कडक उन्हात वाळवा, दोन आठवडे ओलावा कमी ठेवा. मात्र मादागास्करच्या झुरळाच्या अंगावर, पायांच्या मुळाशी फिरणारी फिकट माइट्स वेगळी. ती त्याच्याच अंगावर राहणारी प्रजाती आहे, त्याला त्रास देत नाही. ती मारायला जाल तर झुरळच माराल.

## ‘पळालं तर सोसायटीभर होईल’

ही शंका हसण्यावारी नेऊ नये. परदेशी हौशी लोकांचं ठरलेलं उत्तर असतं: बाहेर पडलं तर थंडीत मरेल. पुण्यात ते चालत नाही. आपली थंडी त्यांना मारण्याइतकी कडक नाही, आणि पावसाळा तर त्यांना घरच्यासारखा.

तरीही मादागास्करचं झुरळ ओट्याखाली वसाहत करण्याची शक्यता फार कमी. ते मंद आहे, त्याला पंख नाहीत, पिल्लू वयात यायला पाच-सात महिने लागतात. जर्मन झुरळाला त्यासाठी दोन-तीन महिने पुरतात आणि अंड्यांच्या एका पिशवीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात. घर व्यापायचं तर असला वेग लागतो. आणि फक्त नर असतील तर वसाहतीचा प्रश्नच मिटला.

काळजी करायची तर ‘रेड रनर’ नावानं विकल्या जाणाऱ्या तुर्कस्तानी झुरळाची करा. मध्य आशियातलं हे चपळ झुरळ १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी डेपोत आढळलं. नंतर ते अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात पसरलं आणि तिथल्या जुन्या घरझुरळाची जागा त्यानं घेतली. पाळीव सरड्यांचं खाद्य म्हणून होणाऱ्या विक्रीनं त्याला हातभार लावला. पुण्यात कुणी ते स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका. डुबिया आणि मादागास्कर एका डब्यात ठेवणंही टाळा. खाण्यावर डुबिया भारी पडतात.

## कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार, त्यातल्या प्रजाती कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आल्या. अशी प्रजाती जवळ असेल तर फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश २.०’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मादागास्करचं झुरळ आणि डुबिया या यादीत नाहीत. एम्परर विंचू आणि ब्राकिपेल्मा वर्गातले टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, आहेत. आपल्याकडच्या पोसिलोथेरिया वर्गातल्या झाडावरच्या टॅरंटुलांनाही २०१९ मध्ये साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतलं गेलं. हे कीटक नाहीत, पण विकणारे बहुतेक तेच असतात, म्हणून सांगितलं.

विक्रेते एक अर्धसत्य सांगतात: साइट्समध्ये नाही, म्हणजे मागवायला हरकत नाही. हरकत आहे. जिवंत कीटक देशात आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परवाना लागतो, कारण आज पाळलेला कीटक उद्या पिकावर जाऊ शकतो. परदेशी संकेतस्थळावरून पाकिटात अंडी मागवणं हा त्याचाच भंग. घ्यायचंच तर इथेच वाढवलेलं घ्या, आणि पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घ्या. जो विक्रेता नाव लिहायला का-कू करतो, त्याच्याकडून काही घेऊ नये.

रानातून उचलण्याबद्दल: भीमाशंकर, ताम्हिणी ही अभयारण्यं आहेत. तिथून काहीही आणणं गुन्हा आहे. वेताळ टेकडी, पाषाणची टेकडी यांचाही मोठा भाग वन विभागाचा. शिवाय अनेक फुलपाखरं कायद्यानं संरक्षित आहेत.

## मग आपल्याकडचे कीटक काय वाईट?

उलट पुणेकरानं सुरुवात तिथूनच करावी. पळाला तरी तो इथलाच असतो.

सर्वांत सोपं, आणि मुलांसाठी सर्वांत चांगलं, म्हणजे गॅलरीतल्या कढीपत्त्यावरची किंवा लिंबावरची फुलपाखराची अळी. लिंबाळी फुलपाखराचं अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी असते, नंतर हिरवी होते. डिवचली की डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. सगळं मिळून महिनाभराचा खेळ, थंडीत जरा जास्त. पानं त्याच झाडाची रोज ताजी द्या, कोषाला आधार म्हणून उभी काडी ठेवा आणि फुलपाखराचे पंख वाळले की सोडून द्या. नुकतंच नर्सरीतून आणलेलं रोप यासाठी वापरू नका. मुळांतून पानांत भिनणारं औषध घातलेलं असेल तर ते धुऊन जात नाही आणि अळ्या दोन दिवसांत काळ्या पडतात.

काडीकिडे पावसाळ्यात पेरू, गुलाब अशा झाडांवर सापडतात. ज्या झाडावर मिळाला त्याचीच पानं द्यायची. कात टाकताना तो उलटा लटकतो, म्हणून जागेची उंची त्याच्या लांबीच्या तिप्पट हवी. नाही तर तो खाली पडून वाकडा होतो. तमिळनाडूच्या पळणी डोंगरातला काडीकिडा गेली शंभर वर्षं युरोपातल्या प्रयोगशाळांत आणि शाळांत वाढवला जातोय. नराशिवायच मादी शेकडो अंडी टाकते, त्यामुळे काही देशांत तो सुटून बाहेर स्थिरावलाही. परदेशी प्रजातीची भीती दोन्ही बाजूंनी खरी असते, एवढंच.

झुरळच हवं असेल तर दक्षिण भारतातल्या झुडपी रानातलं थेरिया पेटिवेरियाना बघा. काळ्या पाठीवर सात पांढरे ठिपके, अडीच सेंटिमीटरचं. परदेशातले हौशी ते आवर्जून पाळतात. याची पिल्लं मातीतच राहतात, म्हणून दहा सेंटिमीटर कोकोपीट, वाळू आणि सुका पाचोळा यांचा थर लागतो. डबा कित्येक महिने रिकामा वाटतो. धीर नसलेल्यानं याच्या वाटेला जाऊ नये.

## कुणी पाळू नये

घरात दम्याचा रुग्ण असेल तर झुरळ नको. झुरळांच्या विष्ठेतली आणि कातीतली प्रथिनं दमा चाळवतात, आणि पाळीव झुरळ त्याला अपवाद नाही. कोळंबी खाऊन ज्यांना पित्त उठतं त्यांनीही जपावं. कोळंबी आणि झुरळ यांच्यातलं एक प्रथिन इतकं सारखं आहे की एकाची ॲलर्जी दुसऱ्यालाही उठू शकते. ही ॲलर्जी पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, महिनोन्‌महिने हाताळल्यावर उद्भवते. डबा झोपायच्या खोलीत नको. साफसफाई गॅलरीत, मास्क आणि हातमोजे घालून करावी. शिंका किंवा डोळ्यांची खाज सुरू झाली की हौस थांबवा.

‘यात लळा कुठे लागतो?’ असंही विचारतात. लागत नाही. झुरळ माणसाला ओळखत नाही. काही दिवसांनी ते उचलल्यावर फुसफुसणं बंद करतं, ती सवय असते. माया हवी असेल तर मांजर पाळा.

## नको झालं तर

टेकडीवर नेऊन सोडू नका, गटारात तर मुळीच नको. आधी दुसरा पाळणारा शोधा. नाही मिळाला तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ४८ तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीनं कीटक आधी सुस्त होतो, मग मरतो. खालचं कोकोपीट, ट्रे, काडीकिड्यांची बियांसारखी दिसणारी अंडी, हे सगळंही तसंच ४८ तास गोठवून मगच ओल्या कचऱ्यात टाका. नाही तर सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्यात ऊब आणि पाचोळा त्यांना आयताच मिळतो.